मायाबाजारातील वत्सला: छेदप्रतिमा, प्रक्षेप आणि पार्श्वभूमीची साक्ष

(१)

मद्रासच्या विजया प्रॉडक्शन्स या संस्थेने १९५७ साली 'मायाबाजार' हा चित्रपट तेलुगू आणि तमिळ अशा दोन भाषांत निर्माण केला. दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी, निर्माते बी. नागि रेड्डी व चक्रपाणी आणि छायालेखक मार्कस बार्टली ही त्यातील प्रमुख नावे होत. या चित्रपटात 'प्रियदर्शिनी' नावाची एक पेटी आहे. ती उघडून पाहणाऱ्यास आपल्याला सर्वांत प्रिय असलेली वस्तू अथवा व्यक्ती तीत दिसते. बलरामाची कन्या ती उघडते आणि तिला दूर असलेला अभिमन्यू दिसतो. तो चित्रासारखा निश्चल नसतो. तो हालतो, हसतो आणि तिच्याशी गाण्यातून संवाद करतो. एका चलच्चित्राच्या चौकटीत दुसऱ्या स्थळाची चालती आकृती आणून बसविण्याचा हा प्रकार आहे.

एका ठिकाणी घेतलेल्या चित्रातून मानवाकृती कापून काढावी आणि ती दुसऱ्या ठिकाणच्या हालत्या चित्रात अशी बसवावी की ती मुळातच तेथे होती असे वाटावे, या क्रियेस प्रस्तुत लेखात प्रतिमासंयोग आणि अशा कापून घेतलेल्या आकृतीस छेदप्रतिमा म्हटले आहे. वरवर पाहता हा छायालेखनाच्या तंत्राचा विषय आहे. साहित्याच्या अभ्यासकाला त्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. परंतु जुन्या ग्रंथात मागाहून घुसलेला श्लोक, ओवी अथवा आख्यान, म्हणजे ज्याला पाठचिकित्सेत प्रक्षेप म्हणतात, तोही एका अर्थी छेदप्रतिमाच असतो. एका काळाच्या प्रकाशात घडलेली आकृती दुसऱ्या काळाच्या पटावर बसविलेली असते. या दोहोंची पारख ज्या कसोट्यांनी होते त्या कितपत समान आहेत, आणि 'मायाबाजार'सारख्या कृतीवरून त्यांविषयी काय शिकावयास मिळते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

(२)

प्रथम क्रियेचे स्वरूप पाहू. फिल्मच्या ज्या भागावर प्रकाश पडलेला नाही तो भाग पुढे केव्हाही प्रकाश ग्रहण करू शकतो, या साध्या गुणधर्मावर जुने तंत्र उभे होते. चौकटीचा काही भाग काळ्या आडोशाने झाकून उरलेल्या भागाचे चित्रण करावयाचे, फिल्म मागे फिरवावयाची, मग आधी झाकलेला भाग उघडा ठेवून आणि आधी उघडा असलेला झाकून दुसरे चित्रण करावयाचे. आडोसा व प्रत्याडोसा एकमेकांशी तंतोतंत जुळले, तर दोन्ही चित्रे एका चौकटीत नांदतात. यात कमी-अधिक झाले तर मध्ये काळी रेघ उमटते किंवा एकावर एक चित्र चढून धूसर झाक येते.

आकृती हालती असेल तर आडोसाही प्रत्येक चौकटीगणिक हालला पाहिजे. या अडचणीतून रंगीत पडद्याचे तंत्र निघाले. निळ्या पडद्यापुढे नटाचे चित्रण करावयाचे आणि रासायनिक प्रक्रियेने निळा भाग वगळून केवळ आकृती उरवावयाची, ही पद्धत १९४० सालच्या 'द थीफ ऑफ बगदाद' या इंग्रजी चित्रपटात लॉरेन्स बटलर यांनी वापरली. मानवी त्वचेच्या रंगात निळ्याचे व हिरव्याचे प्राबल्य नसल्यामुळे हे दोन रंग या कामी सोयीचे ठरले. दूरचित्रवाणीने हेच तत्त्व विद्युत्संकेतांच्या साह्याने प्रत्यक्ष प्रक्षेपण चालू असतानाच राबविले. हवामानाच्या नकाशापुढे उभा असलेला निवेदक वस्तुतः एका रंगाच्या कोऱ्या भिंतीपुढे उभा असतो.

संगणकाच्या युगात या क्रियेला गणिती रूप आले. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात एड कॅटमल व अल्वी रे स्मिथ यांनी चित्राच्या प्रत्येक बिंदूला रंगाबरोबरच त्याच्या अपारदर्शकतेचे एक मूल्य देण्याची कल्पना मांडली. त्या मूल्यास 'अल्फा' असे नाव आहे. १९८४ साली थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी त्यावर आधारलेले प्रतिमासंयोगाचे बीजगणित प्रसिद्ध केले. त्याचे सार असे की अल्फा एक असेल तेथे केवळ आकृती दिसते, शून्य असेल तेथे केवळ पार्श्वभूमी दिसते, आणि अर्धा असेल तेथे दोहोंचे समान मिश्रण दिसते. केसांच्या बटा, उडणारा पदर, धूर, पाण्याचे तुषार यांची कड एका रेघेची नसते. तेथे आकृती आणि पार्श्वभूमी एकमेकींत विरलेल्या असतात. अल्फाच्या कल्पनेने या विरण्याला मोजमाप दिले. आज रंगीत पडद्यावाचूनही यंत्र चित्रातील माणूस ओळखून त्याला क्षणात वेगळा काढू शकते. तरीही ज्या बिंदूंवर माणूस संपून भिंत सुरू होते तेथेच त्याची खरी परीक्षा असते.

(३)

कड कितीही निर्दोष असली तरी छेदप्रतिमा तेवढ्याने विश्वसनीय होत नाही. तीन गोष्टींनी ती पारखली जाते. पहिली कड: आकृतीच्या काठावर मूळ स्थळाचा रंग राहून गेला आहे काय? हिरव्या पडद्यावरून परतलेला प्रकाश नटाच्या कानामागे व खांद्यावर हिरवट झाक सोडतो आणि नव्या स्थळी ती झाक चहाडी करते. दुसरी छाया: पार्श्वभूमीत सूर्य डावीकडे असेल आणि आकृतीच्या नाकाची सावलीही डावीकडेच पडत असेल, तर कोणतीही कारागिरी कामास येत नाही. याहून महत्त्वाची ती पायाखालची छाया होय. पाऊल व भूमी यांच्या संधीतील बारीक काळोख नसेल, तर आकृती उभी न वाटता तरंगते. तिसरी नजर: त्या स्थळी असलेली इतर माणसे आलेल्या आकृतीकडे पाहतात काय, आणि पाहतात ती नेमकी तिच्या डोळ्यांकडे की हातभर बाजूला?

या तिहींत एक क्रम आहे. कड ही आकृतीची स्वतःची गोष्ट आहे. छाया आकृतीची असली तरी ती पडते पार्श्वभूमीवर. नजर तर सर्वस्वी पार्श्वभूमीची आहे. म्हणजे जसजसे खोल जावे तसतसा पुरावा आकृतीकडून पार्श्वभूमीकडे सरकतो. छेदप्रतिमेचे सत्य तिच्या रेखीवपणात नसून तिच्या येण्याने पार्श्वभूमीत काय पालटले यात असते, असे म्हणावे लागेल.

मराठी चित्रपटाला या तत्त्वाची जाण आरंभापासून होती. दादासाहेब फाळके हे चित्रकलेचे व छायाचित्रणाचे शिक्षण घेतलेले तर होतेच, शिवाय 'प्रोफेसर केळफा' या नावाने, म्हणजे आपल्याच आडनावाची अक्षरे उलटी लावून, ते जादूचे प्रयोगही करीत. त्यांच्या 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) या चित्रपटात कंसाला आपले मस्तक धडावेगळे होऊन वर जाताना दिसते. हा दोन चित्रणांचा संयोग आहे, आणि त्याचा परिणाम मस्तकाच्या उड्डाणाइतकाच कंसाच्या भयग्रस्ततेवर अवलंबून आहे. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनी प्रभात कंपनीसाठी दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम' (१९३६) मध्ये विठ्ठलमूर्तीतून एकामागून एक शिवाजी महाराज बाहेर पडतात आणि शत्रूचे सैनिक गोंधळून जातात. अखेरीस गरुडाच्या विमानातून तुकाराम वैकुंठास जातात. आजच्या प्रेक्षकाला त्या विमानाचे सांधे सहज दिसतात; तरीही तो प्रसंग हास्यास्पद होत नाही. याचे कारण भूमीवर उरलेली जिजाई होय. प्रपंचाला जखडलेली, चमत्कारांना आयुष्यभर न भुललेली ही स्त्री वर पाहते, आणि तिच्या पाहण्याने आकाशातील आकृतीला वजन येते. महिपतीच्या संतचरित्रांतही चमत्कारानंतर पाहणाऱ्यांच्या विस्मयाला जागा असते, ती याच कारणाने. प्रभातच्या दिग्दर्शकांनी आख्यानपरंपरेतील ही साक्षीची जागा चित्रात आणली.

(४)

छेदप्रतिमा आणि प्रकाशमान पट यांचा संबंध चित्रपटाहून पुष्कळ जुना आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील कलावंत चित्रकथी व कळसूत्री बाहुल्या यांबरोबरच चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करीत आले आहेत. या परंपरेच्या जतनाबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तमिळनाडूत तोलपावैकूत्तू या नावाने ओळखला जाणारा चर्मबाहुल्यांचा खेळ ज्या मंडिगर कुटुंबांनी परंपरेने केला, त्यांची घरची बोली मराठी वळणाची आहे; खेळातील संवाद मात्र तमिळ असतात. तंजावरच्या मराठी राजवटीशी या समाजाच्या स्थलांतराचा संबंध जोडला जातो. चामड्यातून कापलेली मराठी भाषकांच्या हातातील आकृती तमिळ बोलू लागते, ही घटना भारतीय साहित्यांच्या तौलनिक अभ्यासकाने विसरू नये अशी आहे.

या खेळात प्रतिमासंयोगाची वर सांगितलेली अडचण मात्र मुळीच उद्भवत नाही. पडद्यामागील एकच दिवा राम, रावण, वृक्ष आणि रथ या सर्वांना प्रकाश देतो. सर्व आकृती कापलेल्याच असतात. न कापलेली, 'मूळची' अशी एकही नसते. त्यामुळे परकेपणाचा प्रश्नच निघत नाही. चलच्चित्रात तो निघतो, कारण तेथे दोन दिवे असतात: एक आकृतीवरचा आणि एक पार्श्वभूमीवरचा, आणि बहुधा ते दोन वेगळ्या दिवशी पेटलेले असतात. ग्रंथांचेही असेच आहे. आख्यान तोंडी सांगितले जात असते तोवर सांगणारा हा एकच दिवा असतो. त्याने आज घातलेली भर आणि परंपरेने आलेला भाग यांवर एकच प्रकाश पडतो. आख्यान लिहून स्थिर झाले, त्याला 'मूळ' मानले जाऊ लागले, की मग नवी भर प्रक्षेप ठरते.

(५)

'मायाबाजार'च्या दोन भाषिक रूपांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे. मद्रासच्या उत्तरेस गुम्मिडिपूंडीपर्यंत गेले की तमिळ प्रदेशाची कड येते आणि पलीकडे आंध्र सुरू होतो. १९५३ साली आंध्र राज्य वेगळे झाले आणि १९६० साली दोन राज्यांमधील सीमेत पुन्हा फेरफार झाले. 'मायाबाजार' या दोन वर्षांच्या मधला आहे. नकाशावर एका रेघेने दाखविलेली ही कड भाषेच्या दृष्टीने तशी नाही. तमिळ गावात तेलुगू बोलणारी आणि तेलुगू गावात तमिळ बोलणारी घरे या पट्ट्यात आहेत. अल्फाच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथील मूल्य शून्य किंवा एक नसून अधले-मधले आहे. मद्रासच्या स्टुडिओंतून एकच कथा दोन भाषांत निघत असे, तिला आधार होता तो अशा मिश्र प्रदेशाचा आणि मिश्र नगराचा.

तेलुगू रूपात नायिकेचे नाव शशिरेखा आहे, तमिळ रूपात वत्सला. दोन्हींत ही भूमिका सावित्री यांनी केली. अभिमन्यू मात्र तेलुगूत अक्किनेनी नागेश्वर राव आहेत आणि तमिळमध्ये जेमिनी गणेशन. म्हणजे प्रियदर्शिनीची पेटी तीच, ती उघडणारे हात तेच, डोळे तेच. आतली आकृती तेवढी पालटते. दोन्ही प्रेक्षकवर्गांना आपापला अभिमन्यू पटतो, कारण त्याच्याकडे पाहणारी नजर दोन्ही ठिकाणी तितकीच खरी आहे. तिसऱ्या कसोटीचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

चित्रपटाच्या उत्तरार्धात याच कसोटीची उलट बाजू दिसते. बलरामकन्येचा विवाह दुर्योधनपुत्र लक्ष्मणाशी ठरतो. तेव्हा घटोत्कच खऱ्या वधूला दूर नेतो आणि स्वतः तिचे रूप घेऊन मंडपात उभा राहतो. ही मायावधूही सावित्रीच साकारतात. येथे आडोसा नाही, दुहेरी चित्रण नाही. तरीही हा चित्रपटातील सर्वांत मोठा प्रतिमासंयोग आहे. स्त्रीदेहाच्या कडेने राक्षसाचा ढंग मधूनच बाहेर डोकावतो, जसा हिरव्या पडद्याचा रंग खांद्यावर उरावा तसा. प्रेक्षकाला ती झाक दिसते, कौरवांना दिसत नाही. सारा हास्यरस या दोन दृष्टींच्या अंतरातून निर्माण होतो. प्रेक्षकाला आधीच विश्वासात घेतलेले असल्यामुळे त्याची फसवणूक होत नाही; तो मायेचा साक्षीदार होतो.

(६)

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. ज्या वत्सलेभोवती ही सारी माया रचली आहे, ती स्वतः कोठली? व्यासांच्या महाभारतात अभिमन्यूची पत्नी विराटकन्या उत्तरा आहे. बलरामाला वत्सला, सुरेखा अथवा शशिरेखा नावाची कन्या होती आणि तिचे अभिमन्यूने हरण केले, ही कथा तेथे नाही. ती देशी भाषांतील आख्यानांची निर्मिती होय. महाराष्ट्रात ती वत्सलाहरण किंवा सुरेखाहरण या नावाने परिचित आहे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने कोल्हापुरात १९२१ साली 'सुरेखाहरण' काढला आणि व्ही. शांताराम त्यात श्रीकृष्णाच्या भूमिकेत प्रथम पडद्यावर आले. अर्थात वत्सला ही भारतकथेच्या पटावर मागाहून बसविलेली छेदप्रतिमा आहे.

मग ती परकी का वाटत नाही? तिच्या येण्याने पार्श्वभूमीत जे पालटते ते पाहावे. बलरामाचे दुर्योधनावरील शिष्यप्रेम मूळ महाभारतातच आहे. वत्सलेमुळे त्याला एक घरगुती परिणाम मिळतो. कृष्णाचा पांडवांकडील ओढा, शकुनीचे कपट, घटोत्कचाची मायाशक्ती आणि पित्याच्या कुळावरील त्याची निष्ठा या सर्व गोष्टी मुळात आहेत. नव्या आकृतीकडे त्या सर्वांची नजर वळते आणि नेमकी तिच्या डोळ्यांवर स्थिरावते. कडही कौशल्याने जुळविली आहे, कारण पांडवांच्या वनवासाच्या काळात सुभद्रा व अभिमन्यू यादवांकडे द्वारकेत होते, त्या अवकाशात ही कथा बसते. कमी पडते ती छाया. पुढे अभिमन्यू धारातीर्थी पडतो तेव्हा शोक करणारी पत्नी उत्तराच असते. वत्सलेची सावली युद्धपर्वांवर कोठेही पडत नाही. पाठचिकित्सकाला प्रक्षेप ओळखता येतो तो नेमका येथे. घातलेला भाग आपल्या जागी कितीही शोभला तरी पुढच्या-मागच्या ग्रंथाला त्याची आठवण नसते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी तिची पद्धत घालून दिली आणि १९६६ साली मूळ संहितेचे काम पूर्ण झाले. या आवृत्तीने प्रक्षिप्त मानलेले श्लोक फेकून दिले नाहीत. ते ताराचिन्हासह तळटीपेत आणि मोठे भाग परिशिष्टांत, कोणत्या हस्तलिखितांत आढळतात त्या निर्देशासह जपून ठेवले. प्रतिमासंयोगाच्या भाषेत हे थर वेगळे राखणे होय. चित्र एकसंध करून टाकले की आकृती कोठून आली हे कायमचे नाहीसे होते. थर वेगळे राखले तर वाचक संयोगही पाहू शकतो आणि घटकही.

मराठीत याहून जुने उदाहरण एकनाथांचे आहे. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि अखेरीस काही ओव्या जोडून या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. हा इशारा तत्त्वतः ज्ञानेश्वरीला जोडलेली भरच आहे. परंतु तीवर नाव आहे आणि शक आहे; ती ज्ञानदेवांच्या ओव्यांत मिसळलेली नाही, त्यांच्याखाली उभी आहे. भर घालणे हा दोष नव्हे, कड पुसून टाकणे हा दोष होय, हा विवेक त्या कृतीत आहे.

(७)

या विवेकाची गरज आज ग्रंथांपुरती उरलेली नाही. दिवंगत व्यक्तीची चालती-बोलती आकृती नव्या प्रसंगात उभी करणे, जिवंत व्यक्तीच्या मुखी तिने न उच्चारलेले शब्द घालणे, या गोष्टी आता स्टुडिओवाचूनही साधतात. कडेची कसोटी यंत्राने जवळजवळ निकामी केली आहे आणि छायेचीही तो करीत आहे. उरते ती पार्श्वभूमीची साक्ष: त्या प्रसंगी दुसरे कोण होते, त्यांनी काय पाहिले, पुढच्या-मागच्या घटनांना या आकृतीची आठवण आहे काय? हे प्रश्न छायालेखकाचे नाहीत. हस्तलिखिते ताडून पाहणाऱ्याचे आहेत. म्हणून पाठचिकित्सेचे शिक्षण हे केवळ प्राचीन वाङ्मयाच्या विद्यार्थ्याचे ओझे न मानता चित्रांच्या या युगातील सामान्य साक्षरतेचा भाग मानले पाहिजे.

'मायाबाजार'मध्ये एक सत्यपीठ आहे. त्यावर पाऊल ठेवणाऱ्याच्या मुखातून आपोआप सत्य बाहेर पडते. शकुनी त्यावर चढतो आणि आपला कपटी बेत स्वतःच सांगून टाकतो. प्रतिमांसाठी किंवा ओव्यांसाठी असे पीठ कोणी घडविलेले नाही. आकृती आपल्याविषयी काही कबूल करीत नाही. कबुली मिळते ती तिच्या भोवतीच्या माणसांकडून, आणि ती मिळविण्यासाठी वाचकाला त्या माणसांकडे, मध्यभागीच्या तेजस्वी आकृतीवरून दृष्टी काढून, एकेक करून पाहावे लागते.